टायरवरचा आकडा

पहिल्या सामन्याआधीचा गुरुवार उजाडला की हार्लन फेरी गावाचं चित्त थाऱ्यावर नसतं. ऑगस्ट संपत आलेला, अलाबामाचा उकाडा असा की डांबर बुटाला चिकटतं, आणि तरी माणसं भर दुपारी रस्त्यात गाड्या थांबवून, काच खाली करून एकमेकांना विचारतात, "काय वाटतं? जमेल?" काय जमेल, हे कुणी विचारत नाही. कूसा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल, आमचा हातात चेंडू घेऊन पळायचा फुटबॉल, सोडून या गावात जमण्या-न जमण्यासारखं दुसरं आहेच काय!

त्या दिवशी रॉयस टिडवेल आपलं टायरचं दुकान लवकर बंद करतो. मागच्या शेडमध्ये उकडलेल्या शेंगांचं पातेलं गॅसवर चढवतो, आणि ट्रॅक्टरचा एक जुना अजस्र टायर लोळवत आणून मधोमध आडवा पाडतो. मग बैठक जमते. बैठक कसली, चौघं जण. एक रॉयस. दुसरा क्लीट बॅगेट, विमा विकणारा, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिसरी वांडा स्टॅलवर्थ, जी शाळेची बस चालवते आणि अख्ख्या गावाच्या पोरांना नावानिशी दम भरते. आणि चौथे म्हातारे मिस्टर हॉयट, ज्यांनी रॉयसला शाळेत असताना फुटबॉल शिकवला, आणि पुढे रॉयसच्या पोरालाही.

नियम एकच. टायरवर उभं राहायचं, शनिवारच्या सामन्याचा आकडा सांगायचा, आणि कारण द्यायचं. कारणाशिवाय आकडा बाद. ज्याचा आकडा खरा ठरेल त्याचं नाव पांढऱ्या रंगानं त्या टायरवर लिहायचं. इतक्या वर्षांत त्यावर जेमतेम पाच-सहा नावं चढलीत, कारण आकडा बरोब्बर येणं काही खायचं काम नाही. रॉयसचं नाव त्यात नव्हतं. दुकान त्याचं, टायर त्याचा, शेंगा त्याच्या, आणि नाव मात्र नाही, यावरून क्लीटनं त्याला किती छळलं असेल ते विचारू नका.

यंदाची गोष्ट वेगळी होती. मोसमाआधीच्या यादीत कूसाला देशात आठवा क्रमांक मिळाला होता, आणि पहिलाच सामना शेजारच्या जॉर्जियातल्या ओकमल्गीशी, त्यांच्या मैदानावर. ओकमल्गी अकराव्या क्रमांकावर. मोसमाच्या पहिल्याच शनिवारी असे दोन तगडे संघ समोरासमोर यायचे म्हणजे माणसांची झोप उडते. आणि त्या ओकमल्गीकडून चेंडू घेऊन धावणारा पोरगा होता कोल्बी टिडवेल. रॉयसचा एकुलता एक.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. आमच्याकडे शाळेतल्या चांगल्या खेळाडूंना विद्यापीठं मागणी घालतात. मग एके दिवशी शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये टेबल मांडतात, टेबलावर दोन-तीन टोप्या ठेवतात, आणि अख्ख्या गावासमोर पोरगं त्यातली एक उचलून डोक्यावर घालतं. घातली की ठरलं. कोल्बीसमोर तीन होत्या. त्यातली कूसाची किरमिजी टोपी रॉयसनं सकाळी स्वतःच्या हातानं साफ करून ठेवली होती. तीन पिढ्या त्या टोपीत गेलेल्या. कोल्बीनं तिच्यावर हात ठेवला, हॉल श्वास रोखून बसला, आणि त्यानं हात उचलून शेजारची हिरवी घेतली.

रॉयस उठला. टाळ्या वाजत असताना पायऱ्या उतरला, दारातून बाहेर पडला आणि आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसला. सगळं गाव बघत होतं. फोटोत कोल्बीशेजारी त्याची आई जॉनेट एकटी उभी आहे. तो फोटो तिनं घरात अगदी दारासमोर लावलाय. काढ म्हणायची रॉयसची छाती झाली नाही.

त्यानंतर अडीच वर्षं बाप-लेकात बोलणं म्हणजे नाताळला "मीठ दे जरा" एवढंच. पोरगा आईला फोन करायचा. रॉयस शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करून कान देऊन ऐकायचा आणि जॉनेट आली की पुन्हा वाढवायचा. कोल्बी दोन वर्षं तिकडे बाकावरच बसून होता, तेही त्याला असंच भिंतीआडून कळलं. मनात म्हणायचा, बघ, इथं असतास तर खेळला असतास. आणि त्याच मनात रडायचा. खोटं कशाला सांगू.

आणि मग दहा-बारा दिवसांपूर्वी दुकानातला फोन वाजला.

"डॅडी?"

रॉयसच्या हातातला पाना खाली पडला. "बोल."

"तुमचा गुडघा गेला होता ना शाळेत, तेव्हा आधी कसं वाटायचं हो? जायच्या आधी?"

रॉयसनं दुकानाचं दार लोटून घेतलं. मग दुकानाच्या मागच्या बाजूला गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आतून कसं सैल वाटतं, जिना उतरताना कसं भ्यायला होतं, आणि वळायला गेलं की पाय आपला नाहीच असं कसं वाटतं. पलीकडे पोरगा नुसता "हो... हो... अगदी तसंच" म्हणत होता. डावा गुडघा. बापाचाही डावाच गेला होता.

"कोचला सांगितलंस?"

"नाही. डॅडी, पहिल्यांदा मला सुरुवातीपासून खेळवणारेत. दोन वर्षं थांबलोय मी यासाठी. कळलं तर बसवतील. आईला सांगू नका, ती रडेल. कुणालाच सांगू नका. फक्त तुम्हाला सांगितलंय."

फक्त तुम्हाला! त्या दोन शब्दांवर रॉयस पुढचे सगळे दिवस जगला. खरं तर तिथंच त्यानं सांगायला हवं होतं, की पोरा, आधी कोचकडे जा, डॉक्टरला दाखव, एक सामना गेला तर गेला. त्याला कळत नव्हतं असं नाही. पण तसं सांगितलं तर पोरगा पुन्हा फोन करणार नाही, ही भीती. मग त्यानं पट्टी कशी बांधायची ते सांगितलं. बर्फ किती वेळ ठेवायचा ते सांगितलं. रोज संध्याकाळी फोन यायला लागला, आणि रोज संध्याकाळी रॉयस शेडमागे टायरांच्या चळतीवर बसून, कुणी ऐकत नाही ना बघत, लेकाशी गुडघ्याच्या गोष्टी करायला लागला. जॉनेटला वाटलं, समेट झाला. तिनं देवाचे आभार मानले आणि एक हिरवी टोपी विकत आणून त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. काही बोलली नाही. त्यानंही ती पाहिली आणि काही बोलला नाही. पण दोन दिवसांनी दार लावून आरशासमोर घालून पाहिली.

कोल्बीनं शनिवारची दोन तिकिटं घरच्यांसाठी राखलेल्या रांगेतली पाठवली होती.

तर असा तो गुरुवार.

वांडा आधी चढली टायरवर, कमरेवर हात ठेवून. "कूसा एकतीस, ओकमल्गी सतरा. कारण, त्यांचा तो चेंडू फेकणारा पोरगा अजून दाढी करत नाही."

"हे काय कारण झालं?" क्लीट म्हणाला.

"ज्याच्या गालावर केस नाहीत त्याच्या अंगावर आपली शंभर-सव्वाशे किलोची पोरं धावून गेली की तो काय करेल? आई गं म्हणेल. झालं कारण. उतरते मी."

मिस्टर हॉयटना चढवत नाही. त्यांनी काठी टायरवर टेकवली. "हरणार. दहा-चाळीस. कारण, मी बघणार आहे."

हे ते दरवर्षी म्हणतात. आपण हरणार म्हटलं की संघ जिंकतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे, आणि एकदा चुकून जिंकणार म्हणाले तेव्हा जे झालं ते आजही गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

मग क्लीट चढला. घाम पुसला, घसा खाकरला. दर शुक्रवारी सकाळी तो रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन लावतो आणि राज्यभर "हार्लन फेरीचा क्लीट" म्हणून ओळखला जातो, त्यामुळे चार माणसांसमोरही तो चार हजार असल्यासारखा बोलतो. "ओकमल्गी अठ्ठावीस, कूसा चोवीस."

"ए!" वांडा ओरडली. "खाली उतर, नालायका!"

"मलाही रडू येतंय बाई, पण खरं ते खरं. कारण, कोल्बी टिडवेल. त्याच्या उजव्या अंगाला त्याला अडवणारी आपली दोन्ही पोरं नवीकोरी आहेत. कोल्बी चेंडू घेऊन एकदा उजवीकडे वळला की त्याची फक्त पाठ दिसणार आपल्याला. लहानपणापासून बघतोय आपण. याच शेडमध्ये टायरांमधून पळायचा कार्टा, हाताला लागायचा का कुणाच्या?"

रॉयसला हसू आलं. छाती फुगली हो त्याची. अडीच वर्षांत या शेडमध्ये पोराचं नाव कुणी काढलं नव्हतं, त्याची मर्जी सांभाळून. आज निघालं, तेही असं. त्याला वाटलं, आता सांगून टाकावं.

तो टायरवर चढला. "आकडा सांगायच्या आधी एक. मी शनिवारी तिकडे चाललोय. पोराच्या संघाच्या बाजूला बसणार आहे."

"बस की," वांडा म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "इतके दिवस कशाची वाट बघत होतास, मेल्या?"

"हिरवी टोपी घालून?" क्लीटनं विचारलं.

"घालून."

क्लीटनं शिट्टी मारली. तो वाईट माणूस नाही, पण चिमटा काढायची संधी सोडेल तर तो क्लीट कसला. "झालं! टिडवेलांचा रॉयस हिरवा झाला. तुझा बाप थडग्यात कुशीवर वळला असेल बघ. मग सांग तुझा आकडा, हिरवोबा. ओकमल्गी किती?"

"कूसा चोवीस, ओकमल्गी एकवीस."

"कारण?"

"आपली बचावफळी..."

"कोल्बीसमोर? बाद."

"आपला चेंडू फेकणारा मुरलेला आहे."

"मुरलेला आहे म्हणून चोवीस करेल. पण त्यांना एकवीसवर कोण थांबवणार? बाद! अरे, कारण दे, कारण. का मनातून पोरगंच जिंकावंसं वाटतंय आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून कूसा-कूसा करतोयस? तसं असेल तर स्पष्ट सांग ना गड्या. तीस वर्षं आमच्यात बसून शेंगा खाल्ल्यास, शेवटी खरं तरी बोल."

शेंगा त्याच्याच होत्या. पण ते बोलायचं राहिलं. रॉयसची कानशिलं तापली. आपण कूसाचे नाही म्हणतो हा? ज्यानं त्या किरमिजी टोपीपायी पोटचा पोरगा तोडला, त्याला?

"तो उजवीकडे वळूच शकत नाही!" रॉयस ओरडला. "डावा गुडघा गेलाय त्याचा. उजवीकडे वळायला त्यावर जोर दिला की दगा देतो. सरळ पळेल, वळायला गेला की पडेल. घे! मिळालं कारण?"

पातेलं उतू जायला लागलं, वांडानं गॅस बंद केला.

आणि आता लाजिरवाणी गोष्ट सांगतो. क्षणभर, अगदी क्षणभर, रॉयसला बरं वाटलं. क्लीटचं तोंड उघडंच राहिलं होतं. असलं कारण त्या टायरवर आजवर कुणी दिलं नव्हतं. मग तो खाली उतरला.

"पोरानं सांगितलं तुला?" मिस्टर हॉयटनी विचारलं.

"हो सर."

"मग आम्हाला कशाला सांगितलंस?"

रॉयस क्लीटकडे वळला. "हे इथंच राहू द्या," तो म्हणाला. "क्लीट, ऐकतोयस ना? कोचलासुद्धा माहीत नाही. इथंच राहू दे."

"अरे वेडा का तू!" क्लीटनं छातीवर हात ठेवला. "माझ्या आईशपथ. कबरीत गेलं समज." आणि मग न राहवून, "पण कारण म्हणजे कारण हं. मंजूर!"

वांडानं पर्स उचलली. जाताना तिनं रॉयसच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीच बोलली नाही. वांडा बोलत नाही म्हणजे काय, ते हार्लन फेरीतलं शेंबडं पोरही सांगेल.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला फोन आला. कोल्बीचा आवाज हलका होता. पट्टी छान बसली होती, सरावात निभावलं होतं, एक दिवस ढकलला की झालं.

"आज गुरुवार ना, डॅडी! बैठक झाली? काय आकडा दिलात?"

"चोवीस-एकवीस. कूसा."

कोल्बी खो खो हसला. "मी खेळतोय तरी? बरं, कारण?"

आता सांगायची वेळ होती. सांगितलं असतं तर पोरगा चिडला असता, पण रात्रीतून कोचकडे जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगता आलं असतं त्याला. रॉयसनं टायरांच्या चळतीवर हात टेकला.

"तुमचा चेंडू फेकणारा अजून दाढी करत नाही म्हणून," तो म्हणाला.

दोघंही हसले. खूप दिवसांनी, किंबहुना कित्येक वर्षांनी, एकाच गोष्टीवर.

शुक्रवारी सकाळी दुकानात रेडिओ चालू होता. रॉयस एका पिकअपचं चाक काढत होता. निवेदक म्हणाला, "आणि आता आपला हार्लन फेरीचा क्लीट!" रॉयसचा हात थांबला. मनात म्हणाला, आईची शपथ घेतलीये त्यानं.

क्लीटनं शपथ मोडली नाही. त्याच्या मते. नाव घेतलं नाही, गुडघा म्हणाला नाही. गूळ खाल्लेल्या आवाजात एवढंच म्हणाला, "कूसाच्या लेकरांनो, मी काल ओकमल्गी म्हणत होतो, आज चोवीस-एकवीस आपण. का ते विचारू नका. आमच्याच गावचं एक पाखरू तिकडे उडतंय, आणि त्याला उजवीकडे वळता येत नाही म्हणतात. डावा पाय बघा फक्त. माझी माहिती घरातली आहे बरं. अगदी घरातली!"

निवेदक हसला. रॉयसनं फोन उचलला आणि क्लीटला लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. मग कोल्बीला लावला, तर तो उचलेना.

पुढचं काही रॉयसच्या हातात नव्हतं. दुपारपर्यंत ते वाक्य राज्याची हद्द ओलांडून गेलं. फुटबॉलवाले लोक सामन्याआधीच्या शुक्रवारी अन्नावाचून राहतील, बातमीवाचून नाही. कुणीतरी सरावाची जुनी चित्रफीत शोधून काढली, पोरगा कुठं लंगडतो त्यावर लाल गोल काढला, आणि जेवणाच्या सुमाराला ओकमल्गीच्या कोचला पत्रकारांनी तोंडावर विचारलं. कोचला काही माहीत नव्हतं. त्यानं कोल्बीला मैदानात बोलावलं आणि म्हणाला, पळ. आता उजवीकडे वळ.

क्लीट दुकानात आला, टोपी हातात घेऊन. "मी नाव नाही घेतलं, रॉयस. देवाशपथ नाव नाही घेतलं."

रॉयसनं मान वर केली नाही. चिडायचं कुणावर? क्लीटच्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्याला शाळेपासून माहीत होतं. आणि दर शुक्रवारी सकाळी तो कुठं फोन लावतो, हे तर अख्ख्या राज्याला. "जा तू," तो म्हणाला. "जा बाबा."

संध्याकाळी फोन आला. नेहमीच्याच वेळेला. रॉयस चळतीवर बसला नाही, उभाच राहिला.

"बसवलं," कोल्बी म्हणाला. "वळलो आणि पडलो. डॉक्टरांनी पाहिलं. ऑपरेशन करावं लागणार. हा मोसम गेला."

"कोल्बी..."

"डॉक्टर म्हणाले, उद्या खेळलो असतो तर कायमचा गेला असता. म्हणजे एका अर्थी बरंच झालं."

तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर रॉयसनं पाय धरले असते. आवाज अगदी नीट, सभ्य.

"पोरा, माझ्या तोंडून गेलं. क्लीटनं डिवचलं, आणि मी... मी मूर्ख आहे रे. मला माफ कर."

"कोचनं विचारलं, घरातली माहिती म्हणजे कुणाची? मी म्हटलं, गावात आलो होतो तेव्हा कुणीतरी लंगडताना पाहिलं असेल. तुमचं नाव नाही सांगितलं."

रॉयस शेडच्या भिंतीला टेकला.

"ते दाढीचं कारण वांडामावशीचं ना?" कोल्बीनं विचारलं. "मला कालच वाटलं होतं. तुम्ही असली कारणं देत नाही."

"उद्या मी येतोय. आई आणि मी, दोघंही. टोपीसुद्धा..."

"तिकिटं आहेत, या ना," कोल्बी म्हणाला. "ठेवतो डॅडी, पायाला बर्फ लावायचाय." आणि त्यानं फोन ठेवला.

त्या घरात नंतर काय झालं ते फार सांगत नाही. जॉनेट ओरडली नाही. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "अडीच वर्षं मी देवाकडे एकच मागत होते, की त्यानं तुला एक फोन करावा. आणि तू त्याचं हे केलंस." पोळत्या तव्यावर भेंडी जळत होती, ती कुणीच उतरवली नाही.

शनिवारी ते गेले. ओकमल्गीत अशी रीत आहे की सामन्याआधी संघ बसमधून उतरतो आणि मैदानापर्यंत चालत जातो. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, बँड वाजतोय, आया पोरांचे मुके घेतायत, अनोळखी माणसं हात पुढे करतायत. रॉयस जॉनेटच्या शेजारी उभा होता, हिरवी टोपी घालून. नवी कोरी, कपाळाला टोचणारी. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तो रंग अंगाला लावला होता. पोरानं बघावं, एवढ्यासाठी.

कोल्बी सगळ्यात शेवटी आला, कुबड्या घेऊन. लोकांनी त्याच्यासाठी जास्तच टाळ्या वाजवल्या. तो प्रत्येकापाशी थांबत होता, कुबडी बगलेत दाबून हात मिळवत होता, "आलात, फार बरं वाटलं, सर... आभारी आहे, मॅडम" म्हणत होता. चांगलं वळण लावलेलं पोरगं ते. जॉनेटपाशी आला तसा तिच्या गळ्यात पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मग तो रॉयससमोर उभा राहिला. टोपीकडे पाहिलं. पाहिलं, एवढं नक्की.

त्यानं हात पुढे केला. "आलात, फार बरं वाटलं, सर," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडे वळला.

लहानपणापासून तो बापाला सर म्हणतच आला होता. आमच्याकडची सगळी पोरं म्हणतात, "हो सर, नाही सर." पण त्यात डॅडी असायचं. रॉयस पुढे केलेला हात तसाच धरून उभा राहिला. मागच्या बाईनं ढकललं तेव्हा भानावर आला.

सामना चांगला झाला म्हणतात. रॉयसला त्यातलं फारसं आठवत नाही. कोल्बीच्या जागी दुसरा एक पोरगा पळत होता, जीव तोडून पळत होता, पण तो कोल्बी नव्हता. शेवटच्या मिनिटाला त्याला उजवीकडे पाठवलं, आणि कूसाच्या त्या दोन नवख्या पोरांनी त्याला गोलरेषेच्या अलीकडेच आडवा केला. वेळ संपली. फलकावर चोवीस-एकवीस.

आजूबाजूची सगळी हिरवी माणसं मटकन खाली बसली. दूर कोपऱ्यात किरमिजी टोप्या नाचत होत्या, ओरडत होत्या. तीस वर्षं अशा क्षणी रॉयस खुर्चीवर चढून नाचला होता. आज त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

खिशातला फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. रॉयसनं काढून पाहिला, क्लीटचा होता. सगळी शेडमध्ये जमली असतील, पांढऱ्या रंगाचा डबा उघडला असेल.

"उचल ना," जॉनेट मैदानाकडेच बघत म्हणाली. "तुझाच आकडा आलाय."

त्यानं फोन उचलला नाही. खाली कोल्बी बाकावरून उठला होता. आत जायची वाट उजव्या हाताला होती. बाकीची पोरं पटापट वळून निघून गेली. तो थांबला, आधी एक कुबडी फिरवली, मग दुसरी, मग सगळं अंग हळूहळू त्या बाजूला आणलं, आणि वर न बघता आत गेला.